फाटका आवाज बनवून मिळेल

आमच्या लाऊडस्पीकरच्या प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं : ‘आवाज फाटणार नाही’. हे वाक्य माझ्या वडिलांचं. ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर ही जबाबदारीही आली. देवासात, धारला आणि आजूबाजूच्या खेड्यांत लग्न असो, सत्यनारायण असो की निवडणूक, आमची पेटी लागली की लोक निर्धास्त व्हायचे. त्यामुळे या अंकाच्या संपादकबाई घरी येऊन म्हणाल्या, “काका, तुमच्या हातून धंद्यात झालेलं सगळ्यात उत्तम काम कोणतं, त्यावर लिहा,” तेव्हा मी जरा गडबडलो. कारण माझ्या हातून झालेलं सगळ्यात उत्तम काम म्हणजे एक फाटलेला आवाज होता. तो मी मुद्दाम, विचारपूर्वक फाडला होता. आणि ज्यांनी तो ऐकला ते सगळेच्या सगळे तो दुरुस्त करायला धावले होते.

ज्यांना या धंद्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांना कळतं असं वाटतं त्यांनीही वाचावं, कारण धंद्यात मला सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच झाला. माइकमधून किंवा गिटारमधून येणारा आवाज अगदी बारीक असतो. ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. पण त्याचीही काही ऐपत असते. ऐपतीपेक्षा जास्त मागितलं की तो आवाजाचं वरचं टोक छाटून टाकतो आणि उरलेलं पुढे ढकलतो. ते छाटलेलं आपल्याला फाटलेलं ऐकू येतं. कधी आतला काचेचा व्हॉल्व्ह म्हातारा झालेला असतो, कधी विजेचा दाब उतरलेला असतो, कधी स्पीकरचा कागद उंदराने खाल्लेला असतो, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याने माइक तोंडात घातलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय ते ओळखायचं आणि ठीक करायचं, हा माझा पेशा. आमची ही म्हणते की माझ्या स्वतःच्या लग्नातही मी मंगलाष्टकं ऐकली नाहीत, मांडवाच्या कोपऱ्यातला भोंगा ऐकत होतो. ते खरं आहे. तो भोंगा फाटत होता आणि तो आमचा नव्हता, याचा मला आनंद झाला होता.

आमचं घराणं देवासच्या थोरल्या पातीच्या नगारखान्यातलं. एका गावात दोन राजे, दोन दरबार आणि सगळंच दोन-दोन असल्यामुळे, आपला नगारा धाकट्या पातीच्या नगाऱ्यापेक्षा मोठा वाजला पाहिजे ही काळजी आमच्या रक्तातच आहे. संस्थानं गेली, काळजी राहिली. नंतर कारखाने आले आणि त्यांच्यामागून महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली मंडळी आली. आमची दरबारी मराठी ऐकून ती हसायची, आणि त्यांची पोरं आपसात हिंदी बोलतात म्हणून आम्ही नाक मुरडायचो. माझी स्वतःची पोरं घरात काय बोलायची ते मी इथे लिहीत नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एका नगरसेवकाला प्रतिध्वनी हवा होता. म्हणजे टेप फिरवून बोललेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र. ऑर्केस्ट्रातली गायिका त्यावर गाते तेव्हा गोड वाटते, म्हणून याला वाटलं आपलं भाषणही गोड वाटेल. मी परोपरीने सांगितलं, ऐकेना. सभा भरली, हा माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, “हर नल में पानी आएगा!” यंत्र म्हणालं, “आएगा... आएगा... आएगा...” पुढच्या रांगेतल्या एकाने ओरडून विचारलं, “कब?” माइकने तेही उचललं. “कब... कब... कब...” सगळ्या मोहल्ल्यावर तो प्रश्न बराच वेळ घुमत राहिला. निवडणुकीत तो पडला आणि दोष मात्र माझ्या यंत्राला दिला.

दुसरा धामनोदचा ढाबेवाला. मुंबई-आग्रा रस्त्यावर त्याचा ढाबा होता. मी त्याच्या छपरावर भोंगा बसवून दिला. आवाज असा स्वच्छ की गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. आठवडाभरात बोलावणं आलं.

“भियाजी, ये क्या लगा के गए? कमजोर हे.”

“कमजोर नहीं, साफ है.”

“साफ आवाज ट्रकवाला नी सुनता. उसको लगता हे कहीं दूर बज रिया हे. मेरे को फटा हुआ लगा के दो.”

आमच्या तीन पिढ्यांचा अपमान त्याने डाळीला फोडणी देता देता केला. मी काही बोलायच्या आत त्याने बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. भोंगा किंचाळायला लागला आणि चढावरून येणाऱ्या दोन ट्रकांनी खरोखरच ब्रेक लावले. मी त्याच्याकडे जेवलो आणि विचार करत घरी आलो. आवाज फाटतो तेव्हा त्यातून मूळच्या सुराखेरीज आणखी तीक्ष्ण सूर बाहेर पडतात, आणि ते इंजिनाच्या घरघरीतूनही वाट काढून कानात घुसतात. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण ते एखाद्याला हवंसं वाटेल असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे मिलिंद. तो आला तेव्हा मी मनातून थोडा पोखरला गेलो होतो.

मिलिंद कारखान्याच्या कॉलनीतला. वडील सांगलीकडून नोकरीसाठी आलेले, सुपरवायझर. मुलालाही त्यांनी त्याच कारखान्यात भट्टीवर ट्रेनी म्हणून चिकटवलं होतं. दिवसभर तापलेल्या लोखंडासमोर उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात कॉलनीच्या हौशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, असं त्याचं चाललं होतं. गिटार त्याने इंदूरच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली. एकदा दुपारी तो एक कॅसेट घेऊन दुकानात आला. कुठल्याशा परदेशी बँडची, कॉपीवरून कॉपी केलेली.

मी ती लावली आणि लगेच बंद केली. “हेड घाण झालंय,” म्हणालो. स्पिरिटने हेड पुसलं, पुन्हा लावली. तसाच आवाज. स्पीकर बदलला. तसाच. मग मी टेपरेकॉर्डर उघडायला घेतला तेव्हा तो म्हणाला, “काका, राहू द्या नी. ते तसंच आहे.”

“तसंच म्हणजे?”

“त्यांनी मुद्दाम केलंय. मला सेम तसा आवाज पायजे.”

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माणूस दवाखान्यात येऊन मला ताप आणून द्या म्हणाला तर डॉक्टरला काय वाटेल, तसं मला वाटलं. पण मिलिंद गंमत करायला आला नव्हता. इंदूरला चौहान म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा धंदेवाईक ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा गिटारवाला आखातात निघाला होता आणि त्यांना नवा हवा होता. गुढीपाडव्याला धारच्या महाराष्ट्र मंडळात कॉलनीच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला होता. चौहानांची सासुरवाडी धारची, त्यामुळे ते तिथे येऊन मिलिंदला ऐकणार होते. आणि पाडवा झाला की कारखाना मिलिंदला कायम करणार होता. कायम झाला की भट्टीवर पाळ्या. पाळ्या लागल्या की गिटार खुंटीला. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं : चौहानांनी घेतलं तर जा, नाहीतर पुन्हा गिटारचं नाव काढायचं नाही.

“मग सिनेमातली दोन गाणी नीट वाजव की,” मी म्हणालो. “तुझा हात चांगला आहे.”

“ते तर सगळेच वाजवतात काका. मी एक धून बांधली आहे, माझी स्वतःची. पण साध्या आवाजात ती एकदम मिळमिळीत लागते. असं वाटतं कोणी फराळाला बोलवून रायलंय. मला ती भट्टीचं दार उघडल्यासारखी वाजायला हवी.”

भट्टीचं दार मी कधी उघडलेलं नव्हतं. पण मिलिंद ते ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून मी काम घेतलं.

आता फाटका आवाज निवडायचा म्हणजे काय, ते सांगतो. हल्ली माझा नातू फोनवर बोट फिरवून असे शेकडो आवाज दाखवतो, प्रत्येकाला भयंकर नाव असतं. आम्हाला ते एकेक करून जन्माला घालावे लागले. दुकानात एक डबा होता, नापास ट्रान्झिस्टरांचा. जुन्या जातीचे, रेडिओत घातले की खरखर करणारे, म्हणून काढून टाकलेले. फेकवत नव्हते म्हणून ठेवलेले. मी त्यातला एक सर्किटला लावला आणि तो गिटारवर असा काही गुरगुरला की मिलिंदचा चेहरा उजळला. जे ट्रान्झिस्टर मी वर्षानुवर्षं नालायक ठरवले होते तेच या कामाला सगळ्यात लायक निघाले. नोकरशाहीतही असं होतं म्हणतात, पण तो माझा प्रांत नाही.

मग रोज संध्याकाळी, शिफ्ट सुटली की तो यायचा आणि आम्ही एकेक ट्रान्झिस्टर लावून बघायचो. मी विचारायचो, “हा कसा?” तो डोळे मिटून वाजवायचा आणि निकाल द्यायचा. “हा रडका आहे.” “हा नुसता चिडचिडा आहे, याच्यात राग नाही.” “हा दारू पिऊन आलाय.” आमची ही आतून चहा आणायची, क्षणभर ऐकायची आणि म्हणायची, “कालचा बरा होता. हा मावशींच्या दम्यासारखा येतोय.” आमच्याकडे राहणाऱ्या मावशींना खरंच दमा होता आणि त्या मागच्या खोलीतच असायच्या. शेजारचा कापडवाला रोज दारात येऊन सांगायचा, “भिया, आपका रेडियो बिगड़ गया हे.” पहिल्यांदा मी समजावलं. नंतर म्हणायचो, “हओ, बना रहा हूँ.”

पुष्कळ शिकलो त्या दिवसांत. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली की आवाज जड होतो असं पोरांना वाटतं. तसं होत नाही. नुसता गजबजाट होतो आणि कुठला सूर लागलाय ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही. फाडायचं थोडं कमी आणि मोठा करायचा जास्त, तेव्हा त्याला वजन येतं. सहाही तारा एकदम छेडल्या तर खिचडी होते. दोन तारा पुरतात, तेवढ्याच भिंत हलवतात. खर्ज आधी थोडा कापून घ्यायचा, नाहीतर आवाज गाळात रुततो. प्रतिध्वनी लावायचा असेल तर आधी फाडायचं आणि मग घुमवायचं. उलट केलंत तर प्रतिध्वनीच फाटतो आणि ऐकणारा घरी जातो. हे सगळं मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या वयाच्या कुणाला याचा उपयोग होईल असं दिसत नाही.

खरी अडचण उन्हाची झाली. जुन्या जातीचा ट्रान्झिस्टर सकाळी वाघ असतो. पत्रा तापला की त्याला धाप लागते. पाडव्याचा कार्यक्रम सकाळी, म्हणजे आमच्या मंडळांच्या हिशेबाने भर दुपारी, चैत्रात आणि मांडवात. मी नव्या जातीचा ट्रान्झिस्टर घातला. त्याला उन्हाचं काही वाटत नाही, पण तो तुसडा. मिलिंद हिरमुसला. “यात ऊब नाही काका.” मग मी मागे एक छोटा कंडेन्सर जोडून त्याची धार किंचित बोथट केली, पुन्हा बदलला, पुन्हा जोडला. शेवटी एका संध्याकाळी त्याने ती धून वाजवली. खाली काहीतरी भलं मोठं धगधगतंय आणि वर सूर स्वच्छ दिसतोय, असा तो आवाज होता. इतकी वर्षं मी लोकांचे आवाज जसेच्या तसे पोचवले. जो जगात नव्हता असा एक आवाज माझ्या हातून पहिल्यांदाच झाला होता, आणि मला तो फार आवडला.

यंत्र बसवलं घराच्या वायरिंगला वापरतात त्या लोखंडी स्विचबॉक्समध्ये. गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बटण पायाने दाबायचं हवं. त्या काळी ट्रकच्या दिव्यांचा डिपर पायाने दाबायचा असे. धामनोदच्या त्याच रस्त्यावरून एक डिपर आणला आणि बॉक्सच्या डोक्यावर बसवला. दिसायला ते यंत्र भयानक होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही.

पाडवा आला. धारच्या मंडळाचे कार्यवाह तात्यासाहेब, आमच्यासारखेच जुन्या दरबारी घराण्यातले. पांढरं धोतर, उपरणं आणि बोलणं अजून संस्थानातलं. “आपण जातीने आलात, आता ध्वनीची चिंता नाही,” असं म्हणून त्यांनी माझं स्वागत केलं. स्टेजच्या कडेला मंडळाची गुढी उभी होती. जरीचं कापड, कडुलिंब, साखरेची गाठी आणि वर लखलखीत तांब्या. समोर सगळा मांडव भरलेला. त्यात निम्मी मंडळी पीथमपूरच्या कारखान्यांत नव्याने नोकरीला आलेली होती. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. त्या मांडवात फिटर होते, वायरमन होते, मेंटेनन्सचे फोरमन होते. जवळपास प्रत्येक पुरुष काही ना काही दुरुस्त करून पोट भरणारा होता. बिघडलेलं काही दिसलं की गप्प बसायचं नाही हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

चौहान पहिल्या रांगेत सासऱ्यांशेजारी बसले होते. मिलिंद पुढे आला, नमस्कार केला, डोळे मिटले आणि पायाने डिपर दाबला.

पहिल्या सुरालाच मांडव दचकला. दुसऱ्याला मागच्या रांगेतून आवाज आला, “अर्थिंग बघा, अर्थिंग!” तिसऱ्याला एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, बसलात काय? तुम्ही मेंटेनन्समध्ये ना?” मग एकदम चारी बाजूंनी माणसं उठली. दोघं स्पीकरकडे गेले आणि त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. एक जण मेन स्विच शोधत मांडवाबाहेर धावला. तिघं माझ्याकडे आले. मी ॲम्प्लिफायरच्या बटणांवर दोन्ही पंजे पसरून उभा राहिलो.

“भिया, आउटपुट गया तुम्हारा!”

“गया नहीं, ठीक है.”

“अरे फट रिया हे, सुनाई नी दे रिया क्या?”

“तसंच आहे ते! मुद्दाम आहे!” मी ओरडलो. पण त्या आवाजात माझं कोण ऐकणार? मीच तो तसा बनवला होता.

मिलिंद डोळे मिटूनच वाजवत होता. फार सुंदर वाजवत होता. तेवढ्यात कुठल्याशा कारखान्यातले एक सेफ्टी ऑफिसर स्टेजजवळ पोचले आणि त्यांना मिलिंदच्या पायाखालचं यंत्र दिसलं. उघडा लोखंडी स्विचबॉक्स, त्यातून निघालेल्या वायरी, वर पाय ठेवलेला एक मुलगा, मिटलेले डोळे आणि थरथरणारं अंग. त्यांच्या जागी मी असतो तरी माझाही हाच समज झाला असता.

“शॉक! पोराला शॉक बसलाय! कोणी हात लावू नका!” त्यांनी हात आडवे करून सगळ्यांना थोपवलं. “सुकं लाकूड! सुकं लाकूड आणा!”

सुकं लाकूड शेजारीच उभं होतं. त्यांनी गुढीला हात घातला. तात्यासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, हे काय करता! सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवत नाहीत!”

“माणूस मरतोय तात्यासाहेब!”

“निदान नमस्कार तरी करा आधी!”

सेफ्टी ऑफिसर मोठे शिस्तीचे. त्यांनी नमस्कार केला. मग कुणीतरी ओरडलं, “वरती तांब्या आहे, तांब्यातून करंट येईल!” तेव्हा त्यांनी आधी तांब्या उतरवला, मग गाठी, मग कडुलिंब, मग जरीचं कापड, आणि एकेक वस्तू पहिल्या रांगेतल्या एका वहिनींच्या ओटीत आदराने ठेवली. इतका वेळ मिलिंद मरत होता. नुसता बांबू उरल्यावर त्यांनी नेम धरून स्विचबॉक्सवर असा तडाखा दिला की तो उडून स्टेजच्या पार खाली गेला. आवाज बंद झाला. मिलिंदने डोळे उघडले. समोर बांबू घेतलेला माणूस आणि पलीकडे टाळ्या वाजवणारा अख्खा मांडव. टाळ्या सेफ्टी ऑफिसरसाठी होत्या.

त्यांनी मिलिंदला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, नाडी पाहिली. तो सांगायचा प्रयत्न करत होता, पण शॉक बसलेला माणूस बरळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग गुढी पुन्हा उभारावी की नाही यावर बराच खल झाला. ती उभारल्यावर तात्यासाहेबांनी माइकवरून जाहीर केलं की ईश्वरकृपेने अनर्थ टळला असून कार्यक्रम पुढे चालू राहील. मिलिंदने गिटारची वायर सरळ ॲम्प्लिफायरला लावली आणि सिनेमातली गाणी वाजवली. स्वच्छ, सुरेल, एकही चूक नाही. फक्त एकदाही डोळे मिटले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर चौहान स्टेजमागे आले. तात्यासाहेब आणि मंडळाची आणखी चार माणसं बरोबर होती.

“लड़के का हाथ अच्छा है,” चौहान म्हणाले. “मुझे पसंद है. बस एक बात बता दो. शुरू में जो बजा, वो मशीन की खराबी थी, या इसने जानबूझ के बजाया था? मेरा शादी-ब्याह का काम है, परिवारवाली पब्लिक है. मुझे तमाशा करनेवाला आर्टिस्ट नहीं चाहिए.”

मिलिंदने मान वर केली. तो खरं सांगणार हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याच्या मागे मला भट्टीही दिसली, पाळ्याही दिसल्या आणि खुंटीला टांगलेली गिटारही दिसली. त्याचं तोंड उघडायच्या आत मी बोललो.

“इसका कोई कसूर नहीं साहब. मेरी मशीन खराब हो गई थी.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी म्हणालो नव्हतो. तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उपरणं सारखं केलं. त्यानंतर धारच्या मंडळाने मला पुन्हा बोलावलं नाही. धारमधली बाकीची कामंही हळूहळू इंदूरच्या एका दुकानाकडे गेली. आमच्या पेट्यांवरचं ते वाक्य वाचून लोक तिकडे हसायचे असं पुढे बरीच वर्षं कानावर येत होतं. त्याचं मला वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? पण चौहानांनी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगले हफ्ते से आ जाओ म्हणाले, ते मी या कानांनी ऐकलं होतं.

मिलिंद दुकानात आला तो इंदूरला निघायच्या दिवशीच. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो चेपलेला स्विचबॉक्स. दोन्ही काउंटरवर ठेवून तो वाकला. मी म्हणालो, “अरे, हे इथे कशाला? घेऊन जा की. डिपर वाकलाय, तेवढा बदलून देतो.”

“नको काका. तिथे चालणार नाही. मशीन खराब आहे असं सांगितलंय नी आपण.”

“रागावलास?”

“नाही. तुमच्यामुळे काम मिळालं, बाबा पण खूश आहेत.” त्याने वाकलेला डिपर बोटाने दाबून पाहिला. “बाकीच्यांना ते खराब वाटलं, त्याचं काही नाही. मला वाटायचं, तुम्हाला तरी तो आवाज चांगला वाटतो.”

“चांगला?” मी म्हणालो. “मिलिंद, त्याच्याइतकं चांगलं या हातांनी दुसरं काही केलं नाही.”

“मग तिथे तसं का नाही म्हणालात?”

“म्हणालो असतो तर तू आज भट्टीवर गेला असतास.”

“गेलो असतो,” मिलिंद म्हणाला.

मग त्याने गिटार पाठीवर घेतली आणि इंदूरची बस धरायला निघून गेला. पेढे चांगले होते, असं घरातले सगळे म्हणाले. मी एकही खाल्ला नाही.